बिकानेर : दोघांनी मिळून पाहावयाचे मरुनगर

राजस्थानच्या प्रवासाचा बेत आखताना आपली मंडळी जयपूरचे राजवाडे, उदयपूरची सरोवरे आणि जैसलमेरची वाळू यांची नावे एका दमात घेतात, आणि हाती असलेल्या दिवसांचा हिशेब जुळेनासा झाला की सर्वप्रथम बिकानेरवर काट मारतात. ज्या पतिपत्नींना गर्दीपासून दूर राहून, एकमेकांच्या सोबतीने, एखादे नगर त्याच्या वास्तूंतून आणि त्याच्या स्वयंपाकघरातून सावकाश समजून घ्यावयाचे असेल, त्यांनी मात्र बाकीची नावे पुढील वर्षावर टाकावीत आणि हे एकच ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. राव बिका यांनी 1488 मध्ये वसवलेल्या या नगराच्या आसपास नदी नाही. वर्षाकाठी पाऊस पडतो तो दहा-अकरा इंचांचा, तोही भरवशाचा नव्हे. आणि पूर्वी विहिरीचे पाणी लागे ते तीनशे फुटांच्या घरात. अशा भूमीवर पाच शतके नांदलेल्या समाजाने पाण्यावाचून काय शिजवता येते, काय वाळवून टिकवता येते आणि कशाच्या आधारावर वैभव उभारता येते, याचा जो अभ्यास केला, तोच तेथील किल्ल्यात, देवळात आणि ताटात सारखाच दिसतो. म्हणून वास्तू पाहणे आणि जेवणे या दोन निराळ्या गोष्टी न मानता एकाच दिनक्रमात गुंफणे, हे बिकानेरच्या प्रवासाचे पहिले सूत्र समजावे.

जाण्याचा काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. ग्रीष्मात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि त्या दिवसांत दुपारी घराबाहेर पडणे हा निव्वळ अविचार ठरेल. हिवाळ्यात दिवस सुखद असले, तरी वाळूत उष्णता टिकून राहत नसल्यामुळे सूर्यास्तानंतर हवा इतक्या झपाट्याने गार होते की कोकणातून वा मुंबईहून आलेल्या माणसाने शाल, कानटोपी आणि पायमोजे यांची तजवीज घरूनच करावी. पौष महिन्यात रात्रीचे तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही. मुंबईहून जोधपूरमार्गे थेट बिकानेरपर्यंत धावणारी रणकपूर एक्सप्रेस हे सोयीचे साधन आहे. प्रवास जवळजवळ एका अहोरात्राचा होतो खरा, पण जोधपूर मागे पडल्यावर खिडकीबाहेर शेते विरळ होत जातात, मग खेजडीची एकेकटी झाडे दिसू लागतात, मग नुसती वाळू आणि खुरटी झुडपे उरतात. विमानाने उतरणाऱ्यास ही पूर्वतयारी लाभत नाही. जोधपूरहून मोटारीनेही येता येते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे.

मुक्काम निदान चार रात्रींचा ठेवावा आणि तो शक्यतो जुन्या शहराच्या कोटाच्या आत किंवा त्याला लागून असावा. येथील जुन्या हवेल्यांपैकी काहींचे रूपांतर आता पांथस्थांच्या निवासांत झाले आहे. शहराबाहेरील मोठ्या हॉटेलांतील प्रशस्त खोल्यांपेक्षा तेथे सोयी थोड्या कमी असतील, पण पहाटे कचोरीच्या कढईचा वास आणि देवळातील घंटेचा नाद एकदमच यावयाचा असेल, तर ती तडजोड अवश्य करावी. खोली ठरवताना दोन चौकश्या मात्र कराव्यात : जिने किती उंच आहेत, आणि रात्री गरम पाण्याचा बंदोबस्त आहे की नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या वयस्क जोडप्यांना या जुन्या घरांच्या अरुंद, उंच पायऱ्या खरोखरच जड जातात.

पहिल्या संध्याकाळी किल्ल्याकडे जाऊ नये. कोट गेटातून आत शिरावे, आणि मोहता चौक, रांगडी चौक, रामपुरिया मोहल्ला अशा क्रमाने पायीच हिंडावे. व्यापारी कुटुंबांनी कलकत्त्यापर्यंतच्या पेढ्यांवर मिळवलेला पैसा येथे दुलमेरा गावच्या तांबड्या दगडात ओतला आहे. रामपुरिया हवेल्यांच्या गवाक्षांवरील कोरीव काम पाहताना मान दुखून येते, आणि त्याच दर्शनी भागावर राजपूत महिरपींच्या शेजारी विलायती धाटणीचे नक्षीकाम विनासंकोच नांदताना दिसते. पण या फेरफटक्यातील खरे दर्शनीय स्थळ म्हणजे चौकाचौकांत मांडलेले पाटे. पाटा म्हणजे दहा-पंधरा माणसे मांडी घालून बसू शकतील एवढा प्रचंड लाकडी चौथरा. त्यावर दिवेलागणीनंतर मोहल्ल्यातील पुरुष जमतात आणि राजकारणापासून सोयरिकीपर्यंत सर्व विषयांचा खल मध्यरात्रीपर्यंत चालतो. होळीच्या सुमारास याच चौकांत ‘रम्मत’ नावाचे संगीत लोकनाट्य रात्रभर रंगते. पाट्यावर कोणी ‘आओ सा, बिराजो’ म्हणून बोलावले, तर संकोच न करता बसावे आणि आधी ऐकावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पाटा हा रिवाजाने पुरुषांचा. त्या मोहल्ल्यांतील स्त्रियांचे जग माजघरात, गच्चीवर आणि पापड लाटण्याच्या फळीभोवती आहे. पती चौकात बसला असताना पत्नीस एखाद्या घरात आतून बोलावणे येणे अगदी संभवनीय आहे, आणि तसे आले तर तिने जरूर जावे. आमच्या मंडळींना असे बोलावणे आले तेव्हा त्या आत गेल्या, मुगाच्या पापडाची लाटी हाती घेऊन बसल्या, आणि परत आल्या त्या पापडात घालावयाची साजी म्हणजे वाळवंटी वनस्पतीच्या राखेपासून निघणारा खार, तो किती घातला म्हणजे पापड फुलतो आणि किती झाला म्हणजे तो तांबूस व कडवट होतो, हे सारे शिकूनच. मला पाट्यावर एवढे नेमके ज्ञान मिळाले नव्हते. नगराचे एक अंग त्याला दिसते, दुसरे तिला. रात्री जेवताना दोघांनी आपापली हकिकत सांगितली की ते पुरे होते. एकट्याने आलेल्या प्रवाशाला हा लाभ नाही, आणि मोठ्या टोळीने आलेल्यांना तर कोणी आत बोलवीतच नाही. म्हणून मी हे नगर विशेषेकरून दांपत्यांना सुचवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला कचोरी आणि जिलबी घ्यावी, परंतु दोघांत मिळून एकच. कारण तुपातेलाचे हे अन्न तेथील थंडीला आणि श्रमाला योजलेले आहे, आणि आपल्या पोटाला त्याची सवय होण्यास एखादा दिवस लागतो. तेथून भांडासर जैन मंदिराकडे जावे. भांडासा ओसवाल नावाच्या व्यापाऱ्याने बांधवलेले हे देऊळ पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ यांचे आहे. आतील खांब आणि भिंती यांवर तसूभर जागा रिकामी न ठेवता रंगकाम केले आहे, आणि वरच्या सज्जातून सारे जुने शहर दिसते. या देवळाच्या पायात पाण्याऐवजी हजारो मण तूप ओतले, अशी आख्यायिका पुजारी अजूनही सांगतात, आणि कडक उन्हाळ्यात फरशी चिकट होते असा पुरावाही जोडतात. इतिहास म्हणून ती कोणी स्वीकारणार नाही. पण ज्या गावात बांधकामासाठी पाणी मागणे हे तूप मागण्यापेक्षा मोठे धाडस मानले गेले, त्या गावाच्या मनाची ती खरी साक्ष आहे, आणि तेथील पाककृती समजण्यास तिच्याइतका उपयोगी दुवा मला दुसरा ठाऊक नाही. बिकानेरी स्वयंपाकात पाण्याचे काम दूध, ताक आणि तूप करतात. बाजरीचे पीठ ताकात मंद शिजवून केलेली राबडी, दह्यात कालवलेले फोगल्याचे रायते, बेसनाच्या गट्ट्यांची दह्यातील भाजी हे पदार्थ चाखताना हे ध्यानात ठेवले, म्हणजे त्यांची चव केवळ जिभेपुरती राहत नाही. फोगला म्हणजे फोग या वाळवंटी झुडपाचा कळा. भांडासराच्या शेजारीच नगरदैवत लक्ष्मीनाथाचे मंदिर आहे; दर्शन एकाच फेरीत होते.

जुनागढ किल्ल्याला पुरी सकाळ द्यावी. राजा रायसिंह यांच्या कारकिर्दीत, 1589 ते 1594 या काळात बांधलेला हा किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. त्यामुळे सिंहगड-राजगड चढण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला तो प्रथमदर्शनी किल्ला वाटतच नाही. खंदक ओलांडून दौलत पोळ या दरवाजापाशी सती गेलेल्या स्त्रियांच्या हातांचे ठसे पाहिल्यावर, आणि मग एकामागून एक महालांत शिरल्यावर, मनाचा हा ग्रह निघून जातो. अनूप महालातील सोनेरी नक्षी ही उस्ता घराण्यांतील कारागिरांची. या घराण्यांतील हिसामुद्दीन उस्ता यांना उंटाच्या कातड्यावरील सुवर्णकामासाठी 1986 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ही कला शिकवणारे कारागीर आजही शहरात आहेत. पण माझी विनंती अशी की सर्वाधिक वेळ बादल महालात काढावा. या लहानशा दालनाच्या चारही भिंतींवर निळेसावळे मेघ रंगवले आहेत. ढगांची वळणे एकमेकांत गुंतलेली, मधून नागमोडी वीज चमकलेली, आणि खालच्या बाजूस पावसाच्या बारीक सरी सरळ रेषांनी ओढलेल्या. ज्यांच्या वाट्याला वर्षभरात मोजके पावसाळी दिवस येत, त्यांनी आपल्या घरात पाऊस कायमचा आणून ठेवला. चित्राजवळ जाऊन एका सरीची रेघ डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत पाहावी. चिताऱ्याचा हात कोठेही घाईत दिसत नाही.

याच किल्ल्यात महाराष्ट्राचा धागाही सापडतो. बिकानेरचे राजा कर्णसिंह आणि त्यांचे पुत्र अनूपसिंह हे दोघेही मोगली सैन्याबरोबर दीर्घकाळ दक्षिणेत होते. कर्णसिंह यांचा अंत 1669 मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास झाला, आणि तेथील कर्णपुरा ही वस्ती, जिच्या देवीची नवरात्रातील यात्रा मराठवाड्यात सर्वांना परिचित आहे, त्यांच्याच नावाची. अनूपसिंह तर विद्याव्यासंगी गृहस्थ. दक्षिणेतील धामधुमीत नष्ट होऊ पाहणारी संस्कृत हस्तलिखिते आणि देवमूर्ती त्यांनी जमवून बिकानेरला पाठवल्या. त्या मूर्ती किल्ल्यातील तेहतीस कोटी देवतांच्या देवळात ठेवलेल्या आहेत, आणि त्या ग्रंथसंग्रहातून लालगढ राजवाड्यातील अनूप संस्कृत ग्रंथालय उभे राहिले. बिकानेरी चित्रशैलीत जो दख्खनी रंगांचा मृदू ओलावा दिसतो, त्याचे कारणही ही दक्षिणेतील छावणीच होय.

इतिहासाची गोडी असणाऱ्यांनी राजस्थान राज्य अभिलेखागारासाठी एक दुपार अवश्य राखून ठेवावी. साऱ्या राजस्थानातील संस्थानांची दप्तरे या बिकानेरच्या कचेरीत एकत्र केलेली आहेत : फर्माने, अर्जदास्ती, अखबारात, आणि जयपूरच्या वकिलांनी मोगल दरबारातून आपल्या धन्यास पाठवलेले वृत्तान्त. शिवाजी महाराजांच्या आग्रा-भेटीविषयी जी समकालीन राजस्थानी पत्रे इतिहासकारांनी उजेडात आणली, ती या जयपूर दप्तराचीच देणगी. मिर्झाराजे जयसिंग आणि पुरंदरचा तह यांच्यासंबंधी शाळेत पाठ केलेल्या ओळी ज्या कागदपत्रांवर आधारलेल्या आहेत, त्या जातीचा प्रत्यक्ष कागद, त्यावरील शिक्के आणि फारसी अक्षरांचे वळण समोर दिसावे, याचे मोल मराठी वाचकाला मी वेगळे काय सांगावे? कचेरी शनिवार-रविवारी आणि सरकारी सुट्टीला बंद असते, तेव्हा प्रवासाचे वार त्याप्रमाणे ठरवावेत, ओळखपत्र जवळ ठेवावे, आणि संशोधनासाठी कागद पाहावयाचे असल्यास आगाऊ लेखी परवानगी मागावी.

आता भुजियाकडे वळू. महाराजा डूंगरसिंह यांच्या काळात, 1877 मध्ये, या पदार्थाचा आरंभ झाला असे सांगतात, आणि 2010 मध्ये ‘बिकानेरी भुजिया’ला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे मर्म मठाच्या पिठात आहे, आणि मठ म्हणजे आपली मटकी. कमी पावसात तग धरणारे हे कडधान्य बिकानेरच्या वालुकामय जमिनीत उत्तम येते. नुसत्या हरभऱ्याच्या पिठाची शेव निराळी, आणि मटकीच्या पिठात थोडे बेसन, मिरी, लवंग व इतर मसाले घालून केलेला भुजिया निराळा. तो तयार होताना पाहण्यासाठी सकाळी लवकर एखाद्या लहान कारखान्यात जावे आणि मालकाची परवानगी घेऊन एका बाजूस उभे राहावे. कारागीर कढईवर मोठा झारा आडवा धरतो, भिजवलेल्या पिठाचा गोळा त्यावर ठेवून तळहाताच्या टाचेने तो पुढे रेटतो, आणि बारीक तारा उकळत्या तेलात उतरतात. तेलाचा खळखळाट क्षणभर वाढतो, मग बसतो, आणि त्या आवाजावरूनच तो घाणा काढावयाचा की नाही हे ठरवतो. घड्याळाकडे कोणी पाहत नाही. निथळलेला भुजिया कोमट असताना चिमूटभर मागून खावा. डबाबंद मालात मिरीचा तो ताजा झणका कधीच येत नाही. नागपूरच्या वाचकांना घरचे वाटणारे हल्दीराम हे नावही याच गावच्या एका भुजियाच्या दुकानातून 1937 च्या सुमारास पुढे आले.

गोडात रसगुल्ला अग्रभागी आहे, आणि त्यास कारण या प्रदेशातील राठी गाईचे दूध होय. चारा थोडा आणि ऊन कडक असूनही ही गाय चांगले दूध देते, म्हणून मरुभूमीत धान्यापेक्षा दुधाचा भरवसा अधिक धरला गेला. संक्रांतीच्या सुमारास गेल्यास दुकानांत घेवर आणि फेणीच्या राशी दिसतील. त्या काळात रसगुल्ल्याकडे थोडे दुर्लक्ष झाले तरी चालेल. दुपारचे भोजन मारवाडी पद्धतीच्या भोजनालयात घ्यावे, आणि थाळीत केर-सांगरी आहे की नाही हे बसण्यापूर्वीच विचारावे. सांगरी ही खेजडीची शेंग, आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिचे पूजन करतो ती शमी. दुष्काळात माणसांना व जनावरांना हिने जगवले. खेजडीची कत्तल पाप मानणाऱ्या बिश्नोई पंथाचे प्रवर्तक जांभोजी यांची समाधी बिकानेर जिल्ह्यातच मुकाम येथे आहे. केर हे काटेरी झुडपाचे वाटाण्याएवढे कडू फळ, मिठाच्या पाण्यात वा ताकात मुरवून त्याचा कडवटपणा घालवावा लागतो. यांत कुमटाचे बी, गुंदा म्हणजे भोकर, आणि सुकी लाल मिरची वा आमचूर मिळवले की पंचकूटा होतो. ही भाजी अल्प पाण्यात, भरपूर तेलात शिजत असल्यामुळे कित्येक दिवस टिकते. सोबत बाजरीची रोटी, लसणाची चटणी आणि लोणी. रात्रीचे जेवण हलके ठेवावे, पाणी बाटलीचेच प्यावे, आणि दुपारी दोन तास स्वस्थ पडावे. या तीन नियमांत कुचराई केल्याने सहलीचा अर्धा भाग खोलीतच काढावा लागल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

तीस किलोमीटरवरील देशनोकचे करणीमातेचे देऊळ उंदरांसाठी विख्यात आहे. तेथे अनवाणी चालावे लागते, पाय न उचलता सरकवत न्यावेत म्हणजे कोणाही ‘काब्या’स, म्हणजे तेथील उंदरास, इजा होत नाही, आणि ज्यांना किळस वाटते त्यांच्यावर जोडीदाराने सक्ती करू नये. नवरात्रात तेथे अलोट गर्दी असते. शहराजवळ जोडबीड येथे 1984 पासून राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्र आहे. दुपारनंतर जाऊन उंटांचे कळप पाहावेत आणि उंटिणीच्या किंचित खारट दुधाची कुल्फी चाखावी. तेवढ्यावर भागते. जानेवारीतला उंटांचा उत्सव प्रेक्षणीय असला, तरी शांततेच्या शोधात आलेल्यांनी ते दिवस वगळलेले बरे. याउलट, उन्हाची पर्वा नसणाऱ्या तरुण जोडप्यांनी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एकदा जावे : नगराच्या स्थापनेचा तो उत्सव गच्च्यागच्च्यांवर पतंग उडवून, खीचडा आणि चिंचेचे पन्हे घेऊन साजरा होतो.

खरेदी शेवटच्या दिवशी करावी. भुजिया आणि पापड घेताना त्याच दिवशी झालेला माल मागावा. उस्ताकामाची कुपी घ्यावयाची झाल्यास ती कारागिराकडूनच घ्यावी, आणि भाव करताना तिच्यावर गेलेले दिवस ध्यानात आणावेत. वाळलेली सांगरी मात्र अवश्य आणावी. ती बारीक, सारख्या जाडीची आणि किडीविरहित असावी, कारण जाड शेंग जून निघते. घरी करताना सांगरी पाण्यात व केर ताकात रात्रभर भिजवावेत, सकाळी दोन-तीन पाण्यांनी धुऊन सांगरी मऊ होईपर्यंत उकडावी आणि पूर्ण निथळू द्यावी. मोहरीच्या वा शेंगदाण्याच्या तेलात ओवा, जिरे आणि सुकी मिरची तडतडल्यावर दोन्ही घालून हळद, धणेपूड, तिखट व मीठ लावावे, मंद आचेवर परतावे, आणि उतरवण्यापूर्वी आमचूर पेरावे. उरलेली सांगरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून पावसाळ्यापूर्वी एकदा कडक उन्हात घातली, की पुढील हिवाळ्यापर्यंत खराब होत नाही.